घरातली गोष्ट घरातच?

(पवित्र कुटुंबाच्या सणानिमित्त अभ्यासलेख)



नाताळ होऊन गेला तरी आपल्या घराघरांतील गोठ्यांत अजून दिवे लागत आहेत. मध्ये बाळ येशू, एका बाजूस मारिया, दुसऱ्या बाजूस योसेफ. हे चित्र आपल्या इतके परिचयाचे आहे की त्यानंतर काय घडले याचा आपल्याला विसर पडतो. संत मत्तय सांगतो, हेरोद राजा बाळाच्या जिवावर उठला. स्वप्नात इशारा मिळताच योसेफ रात्रीच उठला, बाळाला व त्याच्या आईला घेतले आणि इजिप्तच्या वाटेला लागला. मागे बेथलेहेमात लहानग्यांची कत्तल झाली. त्या निष्पाप बालकांचे स्मरण ख्रिस्तसभा दर वर्षी २८ डिसेंबरला, म्हणजे नाताळापासून चौथ्याच दिवशी करते.

योसेफाने काय केले ते जरा बारकाईने पाहू या. त्याने धोका ओळखला. सकाळ होण्याची वाट पाहिली नाही. नातेवाईक काय म्हणतील, सुताराचे दुकान कोण पाहील, याचा विचार करीत तो बसला नाही. 'देवाची इच्छा' म्हणून बाळाला तेथेच ठेवले नाही. ज्या कुटुंबाला आपण पवित्र म्हणतो, त्या कुटुंबाने आईचा व मुलाचा जीव वाचवण्यासाठी घर सोडले, गाव सोडले आणि परक्या देशाचा आसरा घेतला. पवित्र कुटुंबावर चिंतन करताना आपण हे पान वाचायचे टाळतो. आज तेच वाचायचे आहे.

एक जुना प्रसंग

पुरोहितदीक्षा होऊन आम्हाला फार दिवस झाले नव्हते. तेव्हा आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो. एका संध्याकाळी एक बाई कार्यालयात आल्या. हात गळ्यात बांधलेला होता. विहिरीवर घसरून पडले असे त्यांनी सांगितले, आणि थोड्या वेळाने खरे काय ते सांगितले. आम्ही शांतपणे ऐकून घेतले आणि आमच्या समजुतीप्रमाणे उपदेश केला. संसार म्हटला की भांड्याला भांडे लागतेच, प्रार्थना करा, धीर धरा, मुलांकडे पाहा. हा तुमचा क्रूस आहे, असेही आम्ही म्हटले. त्या उठून गेल्या.

काही दिवसांनी घरांच्या आशीर्वादासाठी फिरत असताना त्यांच्या घरी गेलो. यजमानांनी आदराने बसवले, चहा दिला आणि हात जोडून म्हणाले, "फादर, बरे झाले तुम्ही तिला समजावलेत. आता तक्रार नाही." बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी वर पाहिले नाही.

सेमिनरीत तीन वर्षे तत्त्वज्ञान शिकून जे कळले नव्हते, ते त्या एका वाक्याने कळले. मारणाऱ्याने आमचे आभार मानले होते. आम्ही तटस्थ राहिलो अशी आमची समजूत होती, प्रत्यक्षात आम्ही एक बाजू घेतली होती. पुढे त्या बाई मुलांना घेऊन भावाकडे गेल्या, कोर्टात गेल्या, स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. बऱ्याच वर्षांनी भेट झाली तेव्हा आम्ही क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "फादर, तुम्ही त्या दिवशी वाईट काहीच बोलला नाहीत. पण मला परत पाठवलंत."

हा लेख त्या वाक्यापोटी लिहिला आहे.

कायदा घराच्या दारात कसा आला

'घरातली गोष्ट घरातच राहावी' हा आपल्या समाजाचा जुना नियम. ख्रिस्ती घरेही त्याला अपवाद नाहीत. या नियमाने पुष्कळ घरांची अब्रू राखली हे खरे, परंतु पुष्कळ हाडेही मोडली. गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांतील कायदेसुधारणांचा इतिहास पाहिला, तर प्रत्येक सुधारणेने याच नियमाला थोडे थोडे मागे सारलेले दिसते. आणि प्रत्येक सुधारणेच्या मागे कोणीतरी सोसलेले दुःख आहे.

सुरुवात आपल्या मुंबईतच झाली. रखमाबाईंचे लग्न त्या ११ वर्षांच्या असताना लावून दिले होते. मोठ्या झाल्यावर त्यांनी नवऱ्याकडे नांदायला जाण्यास नकार दिला. १८८४ साली नवऱ्याने मुंबई हायकोर्टात दावा लावला. १८८७ साली कोर्टाने निकाल दिला की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. तुरुंगात जाईन, पण जाणार नाही, असे त्यांनी कळवले. शेवटी १८८८ साली पैसे देऊन तडजोड झाली. पुढे रखमाबाई डॉक्टर झाल्या. या खटल्याने उठलेल्या वादळात, बेहरामजी मलबारी यांच्या चळवळीमुळे १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला आणि मुलीचे संमतिवय १० वरून १२ वर आले. एवढ्याशा सुधारणेलाही 'आमच्या घरात सरकारने का शिरावे' म्हणून केवढा विरोध झाला! लोकमान्य टिळकांसारखे थोर पुढारीही विरोधकांत होते. आज १२ हा आकडा वाचून आपल्या अंगावर काटा येतो. तो काटा येतो म्हणजे समाज पुढे सरकला आहे.

पुढे १९२९ साली बालविवाह रोखण्याचा शारदा कायदा आला. १९७८ साली लग्नाचे वय मुलीसाठी १८ व मुलासाठी २१ झाले. १९८३ साली नवऱ्याने व सासरच्यांनी केलेला छळ हा फौजदारी गुन्हा ठरला. ४९८-अ हे कलम आपल्याला तोंडपाठ झाले होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तोच गुन्हा आता तिच्या ८५ व ८६ या कलमांत आहे.

आम्हा ख्रिस्ती लोकांचा वेगळा कायदा होता, १८६९ चा भारतीय घटस्फोट कायदा. त्यात पत्नीने व्यभिचार केला एवढे सिद्ध करून नवऱ्याला सुटका मिळे. पत्नीला मात्र नवऱ्याचा केवळ छळ पुरेसा नव्हता. व्यभिचार आणि त्याच्या जोडीला क्रूरता किंवा परित्याग असे दोन्ही सिद्ध करावे लागे. म्हणजे नवरा कितीही मारीत असला, तरी तेवढ्यावर कोर्टाचे दार उघडत नसे. १९९७ साली मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने ही विषमता घटनाबाह्य ठरवली. २००१ साली संसदेने कायदाच दुरुस्त केला आणि पती-पत्नीला समान आधार दिले. १३२ वर्षे लागली.

या साऱ्या वाटेवर आपल्याच समाजातील एक नाव आवर्जून घ्यावे लागेल, ते मुंबईच्या फ्लेविया अॅग्नेस यांचे. त्या कॅथलिक. वैवाहिक जीवनात त्यांनी स्वतः मारहाण सोसली आणि त्याविषयी उघडपणे पुस्तक लिहिले. नंतर वकील झाल्या आणि 'मजलिस' ही संस्था उभारून असंख्य स्त्रियांच्या बाजूने कोर्टात उभ्या राहिल्या. घरातली गोष्ट त्यांनी घरात ठेवली नाही, म्हणून इतर पुष्कळ घरांत उजेड आला.

२००५ चा कायदा काय देतो

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा २००५ साली मंजूर झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. आपल्या धर्मग्रामातील प्रत्येक घराला त्याच्या पाच गोष्टी माहीत असाव्यात, असे आम्हाला वाटते.

पहिली, हिंसाचार म्हणजे केवळ मारहाण नव्हे. सतत अपमान, धमक्या, लैंगिक जबरदस्ती, घरखर्चाचे पैसे न देणे, तिचा पगार किंवा दागिने काढून घेणे हेही त्यात येते.

दुसरी, हा कायदा केवळ पत्नीसाठी नाही. आई, बहीण, मुलगी, एकत्र राहणारी विधवा भावजय, साऱ्यांसाठी आहे. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक अडसर काढला. आता तक्रार केवळ प्रौढ पुरुषाविरुद्धच नव्हे, तर घरातील छळ करणाऱ्या स्त्रीविरुद्धही करता येते.

तिसरी, तिला घराबाहेर काढता येत नाही. घर नवऱ्याच्या नावावर असो वा भाड्याचे, तेथे राहण्याचा तिला हक्क आहे. 'हे घर माझे आहे, चालती हो' या वाक्याचा धाक या कायद्याने काढून घेतला.

चौथी, दंडाधिकारी संरक्षणाचा, निवाऱ्याचा, खर्चाचा व मुलांच्या तात्पुरत्या ताब्याचा आदेश देऊ शकतात. अर्ज आल्यावर साधारणतः तीन दिवसांत पहिली तारीख आणि ६० दिवसांत निकालाचा प्रयत्न, असे कायदा सांगतो. संरक्षणाचा आदेश मोडणे हा गुन्हा असून त्याला एक वर्षापर्यंत कैद, २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

पाचवी आणि आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाची. हिंसा होत आहे असे वाटण्यास कारण असलेली कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्यास कळवू शकते. शेजारीण, शिक्षक, मावशी, फादर, कोणीही. सद्‌भावनेने कळवणाऱ्यावर कोणताही दावा लागत नाही.

पण विवाह तर अतूट आहे ना?

हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो आणि तो योग्य आहे. विवाह हा संस्कार आहे, तो अतूट आहे, ही ख्रिस्तसभेची शिकवण आहे आणि ती आम्ही आपल्यापुढे नेहमीच मांडतो. मात्र विवाह अतूट आहे म्हणजे मार खाणे अटळ आहे, असे ख्रिस्तसभेने कधीही शिकवलेले नाही.

ख्रिस्तसभेचा स्वतःचा कायदा, ज्याला आपण कॅनन लॉ म्हणतो, त्याचे ११५३ वे कलम पाहा. जोडीदार दुसऱ्याच्या किंवा मुलांच्या आत्म्यास वा शरीरास गंभीर धोका निर्माण करीत असेल, तर वेगळे राहण्यास ते रास्त कारण आहे. त्यासाठी बिशपांची परवानगी घ्यावी. पण थांबण्यातच धोका असेल, तर परवानगीची वाट न पाहता स्वतःच्या अधिकाराने निघावे. योसेफ रात्रीच निघाला, सकाळची वाट पाहत बसला नाही, हेच या कलमाचे सार नव्हे काय? पोप फ्रान्सिस यांनीही २०१६ साली कुटुंबावर लिहिलेल्या पत्रात म्हटले आहे की दुर्बल जोडीदाराला व लहान मुलांना हिंसेपासून वाचवण्यासाठी वेगळे होणे कधी कधी नैतिक दृष्ट्याही आवश्यक ठरते.

क्रूसाविषयीही एक गैरसमज दूर करू या. येशूने आपला क्रूस स्वतःहून उचलला. दुसऱ्याच्या खांद्यावर क्रूस ठेवून 'हा तुझा' म्हणण्याचा अधिकार त्याने कोणालाही दिलेला नाही, आम्हा धर्मगुरूंना तर मुळीच नाही. क्षमेचेही तसेच. क्षमा ही ज्याला दुखावले त्याने द्यायची देणगी आहे. ती बाहेरच्याने वसूल करायची नसते. शिवाय क्षमा केली म्हणून धोका संपत नाही. चोराला क्षमा करूनही आपण दाराला कडी लावतोच.

दुसरा आक्षेप असा की कायदे घर मोडतात. येथे संत थॉमस अक्वायनस यांचा एक विचार उपयोगी पडतो. ते म्हणतात, मनुष्याचा कायदा सर्वच दुर्गुणांना शिक्षा करीत नाही, कारण सगळी माणसे संत नसतात. ज्या दुष्कृत्यांनी दुसऱ्याला इजा होते आणि ज्यांना आवर घातला नाही तर समाज टिकणार नाही, ती तो प्रामुख्याने रोखतो. म्हणजे नवरा रागीट आहे म्हणून कायदा त्याच्या दारात येत नाही. त्याने हात उगारला म्हणून येतो. प्रेम करा असे कायदा सांगू शकत नाही, ते काम शुभवर्तमानाचे. प्रेम संपले असेल तेथे निदान हाड मोडू नये, एवढेच कायदा पाहतो. घर मोडले ते पहिल्या फटक्याने. तक्रार त्यानंतर येते.

मुलांचे काय?

मोठ्या स्त्रीला निदान पायांनी चालत कार्यालयापर्यंत येता येते. मुलाला तेही शक्य नसते. आणि मुलांवरील लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत आपला कायदा फार काळ जवळजवळ मुकाच होता.

गोव्यात मडगावला फ्रेडी पीट्स नावाचा मनुष्य अनाथ मुलांचा आश्रम चालवीत असे. १९९१ साली त्याला अटक झाली तेव्हा उघड झाले की आश्रमातील मुलांचा परदेशी पाहुण्यांसाठी वापर होत होता. १९९६ साली त्याला जन्मठेप झाली. या प्रकरणाने हादरलेल्या गोव्याने २००३ साली मुलांसाठी स्वतंत्र कायदा केला.

दुसरे प्रकरण मुंबईचे, आणि त्याचा एक धागा आपल्या रायगड जिल्ह्यातील मुरुडपर्यंत येतो. इंग्लंडच्या नौदलातून निवृत्त झालेल्या दोघांनी रस्त्यावरच्या मुलांसाठी कुलाबा व मुरुड येथे 'अँकरेज' नावाची निवारागृहे चालवली होती. २००१ साली मुलांनी तोंड उघडले. २००६ साली सत्र न्यायालयाने दोषी ठरवले, २००८ साली हायकोर्टाने निर्दोष सोडले, आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या साक्षी ग्राह्य मानून शिक्षा कायम केली. दहा वर्षे! त्या वेळी बलात्काराच्या कलमात मुलगे येतच नव्हते, म्हणून जुन्या ३७७ कलमाचा आधार घ्यावा लागला होता.

अशा अनुभवांतून १४ नोव्हेंबर २०१२ रोजी, बालदिनी, 'पोक्सो' कायदा अमलात आला. १८ वर्षांखालील प्रत्येक मूल, मुलगा असो वा मुलगी, त्याच्या छत्राखाली आले. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरे वाटेल तेथे घ्यायचा. शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवायचे नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची. न्यायालयात मुलाला आरोपीसमोर उभे करायचे नाही, पुन्हा पुन्हा बोलवायचे नाही. त्याचे नाव कोठेही छापायचे नाही. २०१९ साली शिक्षा आणखी कडक झाल्या.

या कायद्याचे १९ वे कलम मात्र थेट आपल्याशी बोलते. मुलावर असा अत्याचार झाला आहे हे ज्याला ठाऊक आहे, किंवा होण्याची भीती आहे असे ज्याला वाटते, त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे. कळवले नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचे कृत्य दडपले, तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. सद्‌भावनेने कळवणाऱ्यास संरक्षण आहे.

येथे कायद्याने एक मोठी मजल मारली. पूर्वी कळवणे हे धाडस होते, आता ते कर्तव्य आहे. 'मी कशाला मध्ये पडू' हे वाक्य आता शहाणपणाचे राहिले नाही, ते गुन्ह्याचे झाले आहे.

आपल्या अंगणात

इतरांकडे बोट दाखवण्यापूर्वी स्वतःकडे पाहू या. जगातील अनेक देशांत आमच्याच काही धर्मबंधूंनी मुलांवर अत्याचार केले आणि संस्थेची अब्रू जाईल या भीतीने वरिष्ठांनी ते झाकले. घरातली गोष्ट घरातच! या पापाची लाज आम्हा साऱ्यांना वाटली पाहिजे. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली नवीन नियम केले. अशा प्रकाराची माहिती मिळालेल्या धर्मगुरूने व व्रतस्थाने ती वरिष्ठांना कळवणे बंधनकारक झाले, आणि देशाच्या कायद्याने घातलेले बंधन त्यामुळे जराही कमी होत नाही हेही त्यांत स्पष्ट केले.

प्रायश्चित्त संस्कारातील गुप्तता वेगळी आहे, ती आम्ही प्राणापलीकडे जपतो. परंतु कार्यालयात, अंगणात, धर्मशिक्षणाच्या वर्गात आमच्या कानावर आलेली गोष्ट गुप्त नाही. मुलाविषयीची अशी गोष्ट आली, तर आम्ही पोलिसांना कळवू. करणारा कोण आहे हे पाहणार नाही. तो आमच्यापैकी असला तरीही. हे आम्ही आज लेखी देत आहोत.

आपल्या भागाची स्थितीही लक्षात घेऊ. खोपोलीच्या कारखान्यांमुळे बरीच कुटुंबे दूरदूरच्या गावांहून येऊन साजगाव परिसरात भाड्याच्या खोल्यांत राहिली आहेत. सासू-सासऱ्यांचा जाच नाही तसा माहेरचा आधारही नाही. रात्रपाळी, दारू, कर्ज आणि मध्ये एक पातळ भिंत. भिंतीपलीकडचे सारे ऐकू येते आणि सकाळी कोणी काही ऐकलेले नसते. खालापूर-कर्जतच्या आदिवासी वाड्यांतून वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांतील मुलींची लग्ने लहान वयात लावून दिली जाण्याचा धोका आहे. २००६ च्या कायद्याने बालविवाह लावणारा, ठरवणारा, त्यास उत्तेजन देणारा असे सारेच दोषी ठरतात. गावचा ग्रामसेवक, ज्याला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, तो बालविवाह रोखणारा अधिकारी आहे.

'गावकी काय म्हणेल' ही भीतीही खरी आहे. कळवणाऱ्या घराशी बोलणे-चालणे बंद होईल असे वाटते. म्हणून हेही माहीत असू द्या की महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा मंजूर केला आणि २०१७ पासून तो अमलात आहे. अशा कायद्याची मागणी ज्या तक्रारींमुळे जोर धरू लागली, त्यांत आपल्या रायगडच्या तक्रारी पुष्कळ होत्या. वाळीत टाकणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

कायद्याने सारे सुटते असे मात्र आम्ही म्हणत नाही. तारखा लांबतात, अधिकाऱ्यांवर कामाचा भार असतो, साक्षीदार फिरतात, घरचेच लोक 'मिटवून टाक' म्हणून गळ घालतात. कागदावरचे ६० दिवस प्रत्यक्षात पुष्कळदा वाढतात. म्हणूनच कोर्टाची पायरी चढणाऱ्या बाईला आणि मुलाला केवळ कायदा पुरत नाही. बरोबर चालणारे माणूस लागते. ते माणूस पुरवणे हे धर्मग्रामाचे काम आहे.

कार्तिकी एकादशीला आपल्या साजगावात बोंबल्या विठोबाची यात्रा भरते. त्या गर्दीत एखादे मूल हरवले तर काय होते? कोणी जात विचारीत नाही, धर्म विचारीत नाही, 'दुसऱ्याच्या घरचे आहे' असे म्हणत नाही. कोणीतरी हात धरतो, कोणीतरी पाणी देतो, भोंग्यावरून पुकारा होतो. मूल सुखरूप पोहोचेपर्यंत ते सर्वांचे असते. घरात राहून हरवलेले मूलही सर्वांचे असायला नको काय?

आपण काय करावे

१. मूल काही सांगू लागले तर आधी शांतपणे ऐका. 'असं बोलू नये' म्हणू नका. 'तू सांगितलंस ते बरं केलंस, चूक तुझी नाही' एवढे म्हणा. स्वतः उलटतपासणी करू नका.

२. मुलांसाठी १०९८, स्त्रियांसाठी १८१ आणि तातडीच्या वेळी ११२ हे क्रमांक घरात दिसतील असे लिहून ठेवा. १०९८ ही सेवा १९९६ साली मुंबईतच सुरू झाली.

३. मुलावरील लैंगिक अत्याचार गावकीत, नातेवाइकांत किंवा आमच्या कार्यालयात बसून मिटवण्याचा विषय नाही. तो पोलिसांकडेच गेला पाहिजे.

४. स्त्रियांना व मुलांना उत्पन्नाची अट न घालता सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा.

५. जखम झाली असेल तर आधी सरकारी दवाखान्यात जा आणि कारण खरे सांगा. 'विहिरीवर पडले' हा कागद पुढे कोर्टात तुमच्याविरुद्ध उभा राहतो.

६. जी बाई घर सोडून आली आहे, तिच्याकडे मिस्साला येताना वळून पाहू नका. शेजारी जागा करून द्या.

चिंतनासाठी प्रश्न

आपल्या शेजारच्या घरातून येणारा आवाज आपण किती वर्षे ऐकत आहोत? आपल्या घरातील मूल भीतीची गोष्ट कोणाकडे सांगेल, आणि आपण ते कधी त्याला विचारले आहे काय? 'सहन कर' असे म्हणून आपण आजवर कोणाला परत पाठवले आहे?

प्रार्थना

हे प्रभो, रात्रीच्या अंधारात तू योसेफाला जागे केलेस. आम्हालाही जागे कर. ज्यांच्या घरात आज भीती आहे त्यांना वाट दाखव, आणि त्या वाटेवर आमचे दार उघडे ठेव. हात उगारणाऱ्यांचे मन पालट, आणि ते पालटेपर्यंत त्यांच्या हातून तुझ्या लेकरांना वाचव. आमेन.

सर्व कुटुंबांना पवित्र कुटुंबाच्या सणाच्या शुभेच्छा. कोणाला बोलायचे असेल, तर आमचे दार कोणत्याही वेळी ठोठवा. आता आम्ही परत पाठवणार नाही.

आपला,
धर्मग्रामगुरू